अकरा महिने संपले, घरात दोन लाख आहेत: पोराचा धंदा की पोरीचं शिक्षण?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी कुंभेफळचे एक पालक आमच्या घरी आले. रिक्षा चालवतात, चिकलठाणा ते शेंद्रा. हातात प्लास्टिकची फाइल. मोठा मुलगा बी.एस्सी. झाला आणि शेंद्र्याच्या एका कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस होता. धाकटी मुलगी बी.कॉम., तिनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका ग्रामपंचायतीत अकरा महिने काम केलं. दोघंही आमचे जुने विद्यार्थी. दोघांचं काम महिन्याभराच्या अंतरानं संपलं आणि घरात येणारे जवळपास एकोणीस हजार रुपये थांबले. वडील दखनीत बोलत होते, सार एवढंच की सर, घरात दोन लाख आहेत, पोराला धंदा टाकून देऊ की पोरीला पुढं शिकवू?

हा प्रश्न आमच्याकडं या वर्षी किती वेळा आला याची मोजदाद ठेवलेली नाही. पण आला तो वेगवेगळ्या घरांतून आणि जवळपास याच शब्दांत. म्हणून त्यावर नीट लिहायचं ठरवलं.

आधी ही अकरा महिन्यांची भानगड काय ती बघू. जून २०२४ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात या योजनेची घोषणा झाली, जुलैमध्ये शासन निर्णय निघाला. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी, शिक्षण चालू नको. बारावी पासला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार, थेट बँक खात्यात. सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची होती, नंतर पाच महिने वाढवली, असे झाले अकरा. कारखाने होतेच, पण मोठ्या संख्येनं पोरं गेली ती सरकारी कार्यालयांत, जिल्हा परिषदेच्या शाळांत, ग्रामपंचायतींत. मुदत संपल्यावर कायम करा म्हणून मोर्चे निघाले, आझाद मैदानावर आंदोलनं झाली. मागणीमागची तळमळ आम्हाला समजते. पण शासन निर्णयात नोकरीची हमी कुठंही नव्हती, हे त्या पोरांना पहिल्याच दिवशी कुणीतरी बसवून सांगायला हवं होतं. आम्हीही सांगितलं नाही. आमच्या शाळेतून गेलेल्या मुलांना आम्ही मुबारकबाद दिली आणि गप्प बसलो.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. या प्रशिक्षणार्थींना किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय यांतलं काही लागू नव्हतं. म्हणजे पीएफ नंबर नाही, पगारपत्रक नाही. उद्या बँकेत किंवा दुसऱ्या कंपनीत अनुभव दाखवायचा तर हातात फक्त एक प्रमाणपत्र. अप्रेंटिसचंही थोडंफार तसंच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली पदवीधराला २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान ९ हजार विद्यावेतन मिळतं, पण नंतर नोकरी देण्याची सक्ती कंपनीवर नाही.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. नायजेरियात १९७३ पासून पदवीधरांना एक वर्ष राष्ट्रसेवा करावी लागते. आपल्या राज्याबाहेर पाठवतात, महिन्याला भत्ता देतात, खाकी गणवेश असतो. यादवी युद्धातून देश नुकताच सावरत होता, निरनिराळ्या जमातींच्या तरुणांनी एकमेकांना ओळखावं हा हेतू. घानातही अशी सेवा आहे. तिथल्या पदवीधरांसमोरही वर्ष संपताना हाच पेच असतो: पुढं एम.ए. करायचं, दुकान टाकायचं, की कुणी नोकरीला बोलावतं का याची वाट बघायची. फरक एवढाच की तिथं सेवा कधी संपणार हे पहिल्या दिवसापासून पक्कं असतं. आपल्याकडं सहाचे अकरा झाले, तेव्हा अकराचे बावीस होतील या आशेवर कित्येक घरं बसून राहिली. या आशेनं जे नुकसान केलं ते मानधन थांबण्यापेक्षा मोठं आहे. कारण या काळात सीईटीचे अर्ज निघून गेले. ज्या पोरी गेल्या वर्षी प्रवेश घेऊ शकत होत्या त्या घरी बसल्या.

आता धंद्याकडं वळू.

शेंद्र्यात राहून धंद्याचा विचार न येणं कठीण आहे. २००१ पासून स्कोडाचा कारखाना इथं आहे, त्याच्या आगेमागे कितीतरी कंपन्या आल्या. मग दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधून ऑरिक उभं राहिलं, शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकर. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानांनी ऑरिक हॉलचं उद्घाटन केलं. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करनं राज्य सरकारशी बिडकीनसाठी सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार केला. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. पेपरात रोज असे आकडे येतात आणि घरात बसलेल्या बापाला वाटतं, एवढा पैसा येतोय तर आपल्या पोराच्या वाट्याला काहीतरी येईलच.

येईलही. पण कसं येतं ते बघा. मोठी कंपनी शेंद्र्यातल्या नव्या पोराकडून गाडीचा भाग घेत नाही. ती घेते तिच्या जुन्या पुरवठादाराकडून. तो पुरवठादार छोट्या युनिटकडून जॉबवर्क करून घेतो. त्या छोट्या युनिटच्याही खाली लाकडी पॅलेट, पॅकिंग, गणवेश शिलाई, सेफ्टीचे ॲप्रन, कँटीन, कामगारांची ने-आण, भंगार अशी कामं असतात. नव्या माणसाला शिरता येतं ते इथं. आणि इथं भांडवलापेक्षा मोठा प्रश्न असतो तो उधारीचा.

या मुलाच्या मनात गणवेश आणि ॲप्रन शिलाईचं होतं, कारण मामू शिलाईकाम करतात. आम्ही त्याला फळ्यावर मांडतो तसं वहीत मांडून दाखवलं. समजा महिन्याचं बिल २ लाख आणि कापड, मजुरी, भाडं, वीज मिळून खर्च १ लाख ७० हजार. कंपनी बिल देते ६० दिवसांनी. पहिल्या महिन्याचं बिल महिनाअखेर लागलं तर पैसे येतील तिसऱ्या महिन्याच्या शेवटी. तोपर्यंत तीन महिन्यांचा खर्च खिशातून, म्हणजे ५ लाख १० हजार. त्यात जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो, मग कंपनीकडून आलेला असो वा नसो. कायद्यानं मालाला ४० लाख आणि सेवेला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण मोठा ग्राहक नंबर नसलेल्याशी सहसा व्यवहार करत नाही. मुलगा बराच वेळ वहीकडं बघत होता. घरातले दोन लाख पहिल्या पाच-सहा आठवड्यांतच संपतात, हे त्याच्या नफ्याच्या हिशेबात नव्हतं.

कायदा छोट्याच्या बाजूनं आहे, हेही सांगायला हवं. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यात अशी तरतूद आली की मुदतीत न दिलेलं बिल कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. त्यासाठी आपली उद्यम नोंदणी हवी. ती ऑनलाइन आणि पूर्ण फुकट होते, सायबर कॅफेवाल्याला हजार रुपये देऊ नका. नुसता माल विकत घेऊन विकणाऱ्याला मात्र हे संरक्षण मिळत नाही. आणि खरं बोलायचं तर तक्रार करणाऱ्या नव्या पुरवठादाराला पुढची ऑर्डर मिळते का, हे ज्यानं त्यानं आजूबाजूला विचारून घ्यावं.

भांडवलासाठी सरकारी रस्ता आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, ज्याला सगळे पीएमईजीपी म्हणतात. त्यात अल्पसंख्याक विशेष प्रवर्गात येतात, म्हणून स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे. अनुदान शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के. १० लाखांचा प्रकल्प असेल तर आपले ५० हजार. युनिट ग्रामीण भागात असेल तर अनुदान साडेतीन लाख, महापालिकेच्या हद्दीत असेल तर अडीच. एका रस्त्याच्या अलीकडं-पलीकडं लाखाचा फरक, म्हणून गाळा घ्यायच्या आधी हद्द विचारा. आणि अनुदान हातात मिळत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं, युनिट चालू आहे याची पाहणी झाली की मग कर्जात वळतं होतं. ज्यानं मध्येच शटर ओढलं त्याचं अनुदान गेलं. आपल्या समाजातल्या काही घरांसाठी आणखी एक गोष्ट: मांसप्रक्रियेचा धंदा या योजनेत बसत नाही, मात्र २०२२ पासून ढाब्यावर किंवा हॉटेलात मांसाहारी जेवण विकायला हरकत नाही. ही योजना २०२५-२६ पर्यंत मंजूर होती, तेव्हा अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन यावं. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही तिथंच कळेल.

इथं व्याजाचा विषय येतो आणि तो टाळून लिहिणं अप्रामाणिक होईल. बँकेचं कर्ज म्हणजे सूद, ते नको, असं म्हणणारी घरं आमच्या ओळखीत पुष्कळ आहेत. त्यांचा तो ईमानाचा भाग आहे, त्यावर आम्ही मास्तरकी करणार नाही. पण त्याच घरात भाच्याच्या लग्नासाठी सोनं गहाण पडतं तेव्हा कुणी प्रश्न विचारत नाही, हेही आम्ही पाहिलं आहे. कर्ज नकोच असेल तर भागीदारी करा: एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत, नफ्यातला वाटा आधी ठरलेला आणि कागदावर लिहिलेला. कुरआनमध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवा असा स्पष्ट हुकूम आहे. आपण मात्र मामू-चाचांच्या व्यवहारात कागद काढला की नातं तुटेल म्हणून घाबरतो, आणि मग दोन वर्षांनी कागद नाही म्हणूनच नातं तुटतं.

आता शिक्षण. आमचा स्वतःचा पेशा शिक्षकाचा, तेव्हा लोकांना वाटतं आम्ही प्रत्येकाला शिकाच म्हणणार. तसं नाही. एम.ए. केवळ घरी बसायला नको म्हणून करायचं असेल तर ती दोन वर्षं वाया जातात. बी.एड. बद्दल तर आम्ही हल्ली आधी घाबरवतो. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. मग पहिली ते आठवीसाठी टीईटी, नंतर टेट, आणि मग पवित्र पोर्टलवरची भरती. टेट २०१७ ला झाली, नंतर थेट २०२३ मध्ये, मग २०२५ मध्ये. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की नोकरीत असलेल्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या शिक्षकांनाही टीईटी पास व्हावी लागेल. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडं गेला आहे. आमच्या स्टाफरूममध्ये चाळिशी ओलांडलेले लोक आता पोरांसारखे सराव प्रश्नपत्रिका सोडवतात. ज्याला शिकवायची खरंच ओढ आहे त्यानंच या रस्त्याला यावं.

पीएच.डी.चं स्वप्न असलेल्यांसाठी काळ आणखी कठीण आहे. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये बंद केल्याचं लोकसभेत सांगितलं. नेट-जेआरएफ आहे, ओबीसींसाठी महाज्योती आहे. राज्यानं २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी मार्टी ही संशोधन व प्रशिक्षण संस्था मंजूर केली. बार्टी, सारथी जे करतात ते तिथं किती लवकर सुरू होतं यासाठी आपल्या लोकप्रतिनिधींना प्रश्न विचारत राहिलं पाहिजे. आपल्याकडं त्यांना लग्नाच्या पत्रिका जास्त जातात, निवेदनं कमी.

या मुलीला मात्र एमबीए करायचं होतं. ग्रामपंचायतीत तिनं सगळा हिशेब ऑनलाइन चढवला होता, कामात तिला गोडी लागली होती. आणि इथं वडिलांना माहीत नसलेली गोष्ट निघाली. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश शासनाच्या कॅप फेरीतून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा खासगी विद्यापीठात प्रवेश घेतला तर नाही. म्हणजे ज्या दोन लाखांवरून घरात आठवडाभर वाद चालला होता, त्यातले बरेचसे मुलीच्या फीसाठी लागणारच नव्हते. जाण्या-येण्याचा आणि पुस्तकांचा खर्च उरतो. कमी पडलंच तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज ३ टक्क्यांनी मिळतं, ज्यांना चालतं त्यांनी बघावं.

अडचण पैशाची नव्हती, कागदाची होती. हे कुटुंब बागवान, म्हणजे राज्याच्या ओबीसी यादीतलं. पण जातीचा दाखला कुणी काढलेलाच नाही. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि आपल्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. मग चुलत आजोबांचा निर्गम उतारा शोधा, महसुली नोंद शोधा, तालुक्याला खेटे घाला. त्यानंतर नॉन-क्रीमीलेअर, त्यानंतर जात पडताळणी. यात महिने जातात. ज्यांची जात कोणत्याच आरक्षित यादीत नाही त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा, तो दरवर्षी नवा लागतो. सीईटीचे अर्ज हिवाळ्यातच सुरू होतात, आणि आपण दाखल्याची आठवण काढतो निकाल लागल्यावर, जूनमध्ये. फी माफ असूनही आमच्या किती मुली या रकान्यापाशी अडकल्या ते आम्ही दर वर्षी बघतो.

मुलीच्या बाबतीत आणखी एक घड्याळ चालू असतं, ते सगळ्यांना ऐकू येतं पण कुणी बोलत नाही. वडिलांनीही थेट म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, एक-दोन ठिकाणांहून विचारणा आहे. आम्ही म्हटलं, विचारणा राहू द्या, नाही कोण म्हणतं. पण जो मुलगा दोन वर्षं थांबायला तयार नाही तो पुढं तिच्या नोकरीला तरी तयार होईल का? यावर आई पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, मैं भी यही बोल रही थी.

मग आमचं मत काय? या घरापुरतं आम्ही असं सांगितलं. मुलीची वेळ आत्ता आहे. सीईटी आणि फीमाफी दोन्हींना तारखा आहेत, धंद्याला तारीख नाही. मुलानं वर्षभर दुसऱ्याच्या युनिटमध्ये काम करावं, पगार कमी मिळाला तरी चालेल. शिवणयंत्राजवळ बसण्यापेक्षा बिलं कोण पास करतं, माल कशावरून परत येतो, कंपनीचा खरेदी विभाग कसा बोलतो हे शिकावं. कारखान्यात तो वर्षभर होता, पण क्वालिटीच्या टेबलाजवळ. पैसे कसे फिरतात ते त्याला दिसलंच नाही. वर्षानं मामूंबरोबर कागदावर भागीदारी करून, पीएमईजीपीचा अर्ज करायचा की नाही ते ठरवून, मग उतरावं. त्याला हे फारसं आवडलं नाही. त्याचं म्हणणं असं की वर्षानं दुसरं कुणीतरी ती जागा घेईल. तो चुकीचंही बोलत नाही. शेंद्र्यात कामगारांची संख्या वाढतेय आणि गणवेशवालेही वाढतील.

वडिलांनी फाइल बंद केली. सोमवारी ते निर्गम उताऱ्यासाठी करमाडच्या शाळेत जाणार होते, त्यांच्या चुलत्यांचं नाव तिथल्या जुन्या रजिस्टरमध्ये असावं असा अंदाज आहे. मुलगा चिकलठाण्यातल्या दोन शिलाई युनिटमध्ये विचारून येतो म्हणाला. दोन लाख तूर्त बँकेतच आहेत.